दुसऱ्या पाण्याला डावा कान

३ जून

जाऊबाई,

मायना काय लिहावा यातच दोन कागद फाडले, म्हणून नुसताच नमस्कार करते. तुम्ही माझा फोन उचलत नाही. मेसेज वाचता आणि सोडून देता. शेवटी भाऊजींना विचारलं, तर ते म्हणाले, "तिला पत्र लिही. कागद दिसला की तिला वाचल्याशिवाय राहवत नाही."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. काम आहे म्हणूनच लिहितेय. मामंजींचा तो जपानी हिरवा चहा मला जमत नाही. बोटीवरच्या नोकरीतले त्यांचे तिकडचे मित्र अजून दरवर्षी नव्या पानांचा डबा पाठवतात. यंदाचाही आला. मी खालच्या पार्लरमधून धावत वर येते, पाणी खळाखळा उकळते, पानं टाकते, झाकण ठेवते, आणखी काय करायचं असतं? ते एक घोट घेतात, कप बशीत ठेवतात आणि म्हणतात, "गवत उकळलंस." रोज. परवा तर फोनवर आत्याबाईंना सांगत होते की थोरली गेल्यापासून धड चहा नाही. त्या काय कमी आहेत? त्यांनी ते घरोघर पोचवलं असणार.

ऑक्टोबरात मामंजींची पंच्याहत्तरी आहे. सगळे येणार, आणि सगळ्यांना तोच चहा द्यायचा त्यांचा हट्ट आहे. आत्याबाईंसमोर माझं नाक कापलं जाणार हे मला आत्ताच दिसतंय. तेवढी कृती लिहून पाठवाल का? त्या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. तुम्ही मोठ्या आहात, मोठ्या मनाने सोडून द्या.

तुमची,
धाकटी


११ जून

धाकटे,

"सोडून द्या" हे नेहमी पाय देणारा म्हणतो. ज्याचं बोट चिरडलं तो म्हणत नाही.

आणि "ती गोष्ट" काय? तिला नाव आहे. चोरी. भरल्या घरात, आत्याबाईंसमोर डबा उघडला, तो अर्धा रिकामा निघाला, आणि तू म्हणालीस, "किल्ली जाऊबाईंकडे असते. त्यांच्या माहेरी हल्ली सगळे हिरवा चहा पितात म्हणे." माझ्या माहेरी अजून दूध-साखरेचाच चहा पितात, पण ते विचारायला कुणाला वेळ होता? आत्याबाई म्हणाल्या, आगीशिवाय धूर निघत नाही. तुझा नवरा खिडकीबाहेर बघत बसला. मामंजी कपात बघत बसले. मी त्या माणसाला नऊ वर्षं दोन वेळा चहा करून दिला आणि त्यांच्या तोंडून "थोरली असं करणार नाही" एवढे चार शब्द निघाले नाहीत. आम्ही बदली मागून या गावात आलो ती त्याच महिन्यात. तरी मागच्या वर्षी लग्नात मला बघून चुलतसासरे ओरडले, "अरे, डबे झाका, चहाचोर आली!" सगळे हसले. तूही हसलीस. मी बघितलं.

मला माझं नाव परत हवंय. ते तुझ्या हातात नाही असं तू म्हणशील. बरं. कृती मात्र देते, कारण तुझ्या हातचं ते गवत पिऊन मामंजी काही बोलले तर लोक म्हणतील थोरलीने शिकवलं नाही.

फोन मी उचलणार नाही. आपल्या घरात तोंडी बोललेलं टिकत नाही. लिहायचं तर लिही.

पाणी उकळव, पण उकळतं पाणी पानांवर कधीच घालू नकोस, तिथेच सगळं कडू होतं. ते आधी कपांत ओत, कपांतून रिकाम्या भांड्यात, त्यातून पुन्हा कपांत. दर ओतण्याला पाणी निवतं. कपाला तळवा लावून धरवलं की तयार. माणशी एक लहान चमचा पानं त्या बाजूला दांडी असलेल्या मातीच्या किटलीत. पाणी घाल, झाक, हलवू नकोस.

आता महत्त्वाचं. डोळे मिटायचे आणि किटलीच्या चोचीला उजवा कान लावायचा. पान उकलताना फार बारीक आवाज येतो. तो आला की ओतायचं, त्याआधी नाही. साधारण मिनिटभर लागतं. ओतताना प्रत्येक कपात थोडं थोडं, मग उलट्या क्रमाने थोडं थोडं, म्हणजे एकाला फिकं आणि दुसऱ्याला कडक असं होत नाही. शेवटचा थेंब गाळायचा. त्याच पानांवर दुसरं पाणी, मग तिसरं. दुसऱ्या पाण्याला डावा कान. तिन्ही पाणी होईपर्यंत मामंजींसमोरून उठायचं नाही आणि फोन हातात घ्यायचा नाही.

किटलीला साबण लावशील तर फुकट जाईल.

थोरली


१२ जून

ताई,

काल मी एक काम केलं आणि रात्री इतकी छान झोपले की यांनी सकाळी विचारलं, औषध घेतलंस का.

माझ्या जावेने चहाची कृती मागितली. मी दिली. सगळी खरी दिली, मामंजींच्या जिभेला फसवता येत नाही. फक्त मध्ये एक गोष्ट माझ्या पदरची घातली. डोळे मिटून किटलीच्या चोचीला कान लावायचा आणि पान उकलल्याचा आवाज ऐकायचा! दुसऱ्या पाण्याला डावा कान! असलं काही जगात कुठे नाही ताई, मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसून रचलं. समोरचे आजोबा तक्त्यावरची अक्षरं वाचत होते आणि मला एकटीलाच हसू येत होतं.

तू म्हणशील, हा काय सूड झाला? झाला. ती पंच्याहत्तरीला चाळीस माणसांसमोर किटलीला कान लावून उभी राहील आणि आत्याबाई विचारतील, हिचं डोकं फिरलं का. मला हसले ना? आता तिला हसू देत. तोवर रोज दोनदा तिचा कान भाजेल तो वेगळाच.

मला वाईट वाटायला पाहिजे का? मी थोडा वेळ वाट पाहिली. काही वाटलं नाही.

तुझी धाकटी बहीण (आणि दुसऱ्या घरची थोरली)


२९ जून

जाऊबाई,

जमलं! पहिल्या दिवशी कान असा भाजला की पाळीला फोड आला. पार्लरमधल्या बायका विचारतात, केस सरळ करायच्या मशीनने भाजलं का? मी हो म्हणते, काय सांगणार? पण मामंजींनी कप पूर्ण संपवला. काही बोलले नाहीत, नुसता कप पुढे केला. मला रडूच आलं.

कानाचं त्यांना आधी नवल वाटलं. मग मी सांगितलं, जाऊबाईंनी लिहिलंय. तर म्हणाले, "हो हो, तिकडे जुने लोक असंच करतात. मी स्वतः पाहिलंय. थोरली माझ्यासमोर करायची नाही, आतून ऐकून यायची." दुसऱ्या दिवशी स्वतःच किटली उचलून कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आला." मला अजून आवाज येत नाही. त्यांना येतो. माझ्या कानात काही दोष असेल का?

एक मात्र सांगते. तिन्ही पाणी होईपर्यंत बसायचं म्हणजे पाऊण तास जातो, दिवसातून दोनदा. काल एका बाईंच्या डोक्याला रंग लावून वर आले आणि खाली जाईपर्यंत त्यांचे केस जांभळे. फुकट धुऊन द्यावं लागलं. मी तेव्हा म्हणायचे, जाऊबाई दिवसभर करतात काय, एक कप पाणी. ते आठवलं.

धाकटी


८ जुलै

धाकटे,

तुझ्या कानात दोष नाही. आवाज फार बारीक असतो. कान आणखी जवळ ने.

जांभळ्या केसांचं वाचून आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हसले नाही असं मी म्हणणार नाही.

मामंजींनी जपानमध्ये स्वतः पाहिलंय हे वाचून बरं वाटलं. तुझ्या घरी कुणी शंका काढली तर त्यांचाच दाखला दे.

थोरली


२४ ऑगस्ट

जाऊबाई,

मन थाऱ्यावर नाही. कुणाला सांगू कळत नाही, म्हणून तुम्हालाच लिहितेय, आणि तुम्हाला यातून काय वाटेल तेही मला माहीत आहे.

डबा कमी होतोय. तुमच्या वेळी किल्ली तुमच्या खोलीतल्या खिळ्याला असायची, आता मी ती पार्लरच्या ड्रॉवरमध्ये ठेवते, ड्रॉवरला कुलूप नाही एवढंच. पानं मीच मोजून घालते. तरी महिनाभर पुरायला हवा तेवढा चहा दोन आठवड्यांत खाली जातोय. काल रात्री जेवताना हे म्हणाले, "काय गं, चहाचोरीचा हा रोग जावांना लागतो का?" चेष्टेने म्हणाले. मामंजींसमोर म्हणाले. मी मामंजींकडे पाहिलं, म्हटलं आता तरी ते काही बोलतील, रोज दोनदा मी त्यांच्यासमोर बसते. ते कपात बघत होते.

मी ताट तसंच ठेवून उठले. पंच्याहत्तरीला डबा रिकामा निघाला तर काय होईल? आत्याबाई काय म्हणतील ते मला पाठ आहे.

तुम्हाला तेव्हा असंच झालं असेल ना?

धाकटी


१ सप्टेंबर

धाकटे,

हो. असंच झालं. फक्त माझ्या वेळी चेष्टेने म्हटलं नव्हतं आणि म्हणणारी तू होतीस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला आनंद झाला. तू पत्र लिहून विचारलंस, म्हणून खरं सांगतेय. कर नाही त्याला डर कशाला, असं तू तेव्हा म्हणाली होतीस. आता तूच सांग, कर नसतानाही किती डर वाटतो.

पण आनंद ओसरल्यावर एक गोष्ट डोक्यात आली. मी तिथे नाही. माझं माहेर तिथे नाही. तू चोर नाहीस, कारण तुला तो चहा आवडत नाही, तू गुपचूप त्यात साखर घालतेस. मग पानं जातात कुठे? उंदीर चहा खात नाहीत. चोर घरातच आहे आणि दोन वर्षांपूर्वीही घरातच होता. डोळे उघडे ठेव. कान पुरे झाले.

थोरली


१९ सप्टेंबर

जाऊबाई,

आज जे झालं ते सगळे झोपल्यावर लिहितेय.

शेजारच्या निवृत्त नर्सबाई तुम्हाला आठवत असतील. एकट्या राहतात, आपल्या जिन्याला लागून त्यांचं दार. त्यांचं कुरियर माझ्याकडे दिलं होतं, ते द्यायला दुपारी गेले. मामंजी त्या वेळी वाचनालयात असतात. नर्सबाई म्हणाल्या, बस, चहा घे, आत्ताच करत होते. टेबलावर दोन कप मांडलेले. बघते तर हिरवा चहा. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं, कपाला तळवा लावून बघितला. म्हटलं, असेल, हल्ली सगळीकडे मिळतो. आणि मग त्यांनी डोळे मिटले आणि किटलीच्या चोचीला उजवा कान लावला.

मी उठूनच उभी राहिले. दुसऱ्या पाण्याला डावा कान! मी विचारलं, "हे कुठे शिकलात?" तर सहज म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनीच सांगितलं, याच पावसाळ्यात. चहाही तेच आणून देतात. किती वर्षं झाली, चांगला माणूस." दुसरा कप त्यांचाच होता, जाऊबाई. वाचनालय वगैरे काही नाही. पाच मिनिटांत बेल वाजली आणि मला आत बघून ते म्हणाले, "अरे, घर चुकलं वाटतं."

रात्री मी यांना सांगितलं. हे मामंजींकडे गेले. मामंजी म्हणाले, "मी कधीतरी पाणी प्यायला जातो. कानाचं काय, ती जपानी पद्धतच आहे, बाईंनी कुठे मासिकात वाचलं असेल." आणि ह्यांनी ते खरं मानलं! मला म्हणतात, म्हाताऱ्या माणसावर काय आळ घेतेस?

आळ. हाच शब्द.

जाऊबाई, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. मला काही माहीत नव्हतं. मला तेव्हा फक्त एवढंच सलत होतं की मामंजी तुमचं कौतुक करतात. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली. यासाठी माफी पुरत नाही हे मला कळतं, तरी मागते.

पण आता सांगा, ती कानाची पद्धत खरंच मासिकात येते का? मला पुरावा हवाय. मी सोडणार नाही त्यांना.

धाकटी


२६ सप्टेंबर

धाकटे,

नाही. मासिकात येत नाही, पुस्तकात येत नाही, जपानमध्ये तर नाहीच नाही. ती पद्धत मी या जून महिन्यात रचली, तुझा कान भाजावा आणि चाळीस माणसांनी तुला हसावं म्हणून. जगात ती फक्त मी तुला लिहिली. तू ती मामंजींसमोर केलीस. मामंजींनी "मी स्वतः पाहिलंय" म्हणून शेंडी लावली आणि तीच शेजारी जाऊन शिकवली. मांजर डोळे मिटून दूध पितं, याने डोळे मिटून किटली ऐकली.

तुझ्या फोडाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. तुला राग आला असेल. येऊ दे, फिटंफाट झाली असं समज. तुझी माफी मी वाचली, ती घडी घालून ठेवलीय, तिचं काय करायचं ते नंतर बघू.

पण मामंजी? तू मत्सराने बोललीस, ते तरी मला समजतं. त्यांना माहीत होतं. पानं स्वतःच्या खिशातून कुठे गेली हे माहीत असलेला माणूस समोर बसून बघत राहिला आणि मला चोर ठरू दिलं. का, तर शेजारच्या बाईंकडे जातो हे कळलं तर बहीण चिडवेल. एवढ्यासाठी! दोन वर्षं मी नातेवाइकांत मान वर केली नाही. तो माणूस जन्मभर उंटावरून शेळ्या हाकत आला. आता त्याला उंटावरून खाली उतरव.

पंच्याहत्तरीला मी येणार नाही. हे पत्र घेऊन जा. आधी नर्सबाईंकडून सगळ्यांसमोर चहा करून घे. मामंजींना मध्ये बोलू दे, ते बोलतीलच. मग वाच. मोठ्याने वाच, माझी लबाडीसुद्धा वाच.

थोरली


१४ ऑक्टोबर

जाऊबाई,

आधी माझा राग. साडेतीन महिने! दोन्ही कान! पार्लरवाली बाई मी, फोड आलेला कान घेऊन लोकांना सुंदर करत होते. तुमचं पत्र वाचून मी ते चुरगळून फेकलं, मग उचललं, इस्त्री केली. खरंच इस्त्री केली.

आता ऐका. सगळे आले होते. मी नर्सबाईंना म्हटलं, तुमच्या हातचा चहा होऊ दे. त्या बिचाऱ्या खूश झाल्या. पाणी निववलं, पानं घातली आणि कान लावला. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "हे काय गं बाई नवीन?"

मामंजी पुढे सरसावले. "जपानमध्ये पान उकलताना ऐकतात. मी स्वतः पाहिलंय. हे ज्याला ऐकू येतं त्यालाच चहा कळतो."

आत्याबाईंनी विचारलं, "तुला ऐकू येतं?"

"रोज."

मग मी कागद काढला आणि तुमच्या पत्राचा वरचा भाग वाचला. "मी या जून महिन्यात रचली" इथे चुलतसासऱ्यांच्या तोंडातून बिस्किटाचा भुगा उडाला. हसून हसून लोक वाकले. नर्सबाई कान धरून उभ्या. त्या मामंजींना म्हणाल्या, "अहो, मग तुम्ही मला हे काय शिकवलंत?" आत्याबाईंनी तिथेच पकडलं. "याने शिकवलं? आणि चहा?" "तेही हेच आणतात, पाच-सहा वर्षं झाली. सुनेला विचारून आणतो म्हणायचे."

हसणं थांबलं. आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा थोरलीने..." कुणीच ते वाक्य पूर्ण करेना. मी केलं. म्हटलं, थोरल्या जाऊबाईंनी काही चोरलं नव्हतं, मी खोटं बोलले आणि मामंजींना माहीत असून ते गप्प बसले.

सगळे मामंजींकडे बघू लागले. ते म्हणाले, "मला जरा पडायचंय," आणि खोलीत जाऊन दार लावलं. स्वतःच्या वाढदिवसाला दाराआड बसून राहिले, पण बोलले नाहीत. नर्सबाई जिन्यातून जाताना म्हणाल्या, यांना सांगा, माझी बेल वाजवायची नाही.

आजपासून त्यांचा चहा मी बंद केला. दूध-साखरेचा पिशवीचा चहा मिळेल, तोही मी पिईन तेव्हा.

धाकटी


३ नोव्हेंबर

थोरलीस आशीर्वाद.

मी सहसा पत्र लिहीत नाही. घडलं ते घडलं. त्या वेळी मी बोललो असतो तर घरात तमाशा झाला असता, म्हणून बोललो नाही. तू समजूतदार आहेस, समजून घेशील असं मला वाटलं होतं.

धाकटीने माझा चहा बंद केला आहे. मुलगा म्हणतो, मी मध्ये पडणार नाही. शेजारी दार लागलं. या वयात मला दूध घातलेला पिशवीचा चहा प्यावा लागतो आहे. यंदाचं पान फार चांगलं आहे आणि ते डब्यात पडून वाया जातं आहे, हे तुलाही आवडणार नाही. धाकटीला चार ओळी लिही, ती तुझं ऐकेल. निदान मला कृती पाठव. एवढी वर्षं प्यायलो, पण पानं किती घालतात ते कधी बघितलं नाही.

मामंजी


१० नोव्हेंबर

मामंजी,

मी समजूतदार होते. तुम्ही ती समजूत संपवलीत.

तमाशा झाला असता म्हणता. तमाशा झालाच की. फक्त त्यात नाचायला मला एकटीला उभं केलंत आणि तुम्ही चहा प्यायलात. तुमच्या पत्रात पान वाया जातं याची हळहळ आहे. मी वाया गेले त्याबद्दल एक ओळ नाही. मी शोधली.

कृती देते. कान लावायचा नाही, हे तुम्हाला आता कळलंच आहे.

डबा आणि किटली पिशवीत घ्या आणि आत्याबाईंच्या घरी जा. धाकटी सोबत येईल, पण किटलीला हात लावणार नाही. स्वयंपाकघरात तुम्ही स्वतः उभे राहा. पाणी उकळवा, कपांत ओता, पुन्हा भांड्यात ओता. सांडेल, पुसा. तळव्याला सोसेल असं झालं की माणशी एक लहान चमचा पानं घालून त्यावर ओता आणि झाका. आता मिनिटभर काही करायचं नसतं. त्या मिनिटात सांगा, "चहा मी नेला. थोरलीने नेला नाही. मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो." ओतल्यावर सांगू नका, लोक पिण्यात रमतात. आधीही नको, तेव्हा ते गप्पांत असतात. त्या मिनिटात सगळे किटलीकडे बघत असतात, म्हणून तेव्हाच. मग ओता, सगळ्यांना सारखा.

तिथून चुलतसासऱ्यांकडे. मग ज्यांच्या लग्नात मी चहाचोर झाले त्यांच्याकडे. तीनही घरी झालं आणि तिथल्या माणसांनी मला स्वतः कळवलं, की धाकटी तुम्हाला घरी चहा करू देईल. करू देईल म्हणतेय. करून देईल असं नाही.

थोरली


२ डिसेंबर

जाऊबाई,

गेले. तीनही घरी गेले.

पहिले आठ दिवस रुसून बसले होते. पिशवीच्या चहाचा कप जसाच्या तसा परत यायचा. मी म्हटलं, ठीक आहे, पुढे विचारलंच नाही. एका सकाळी बघते तर बूट घालून, पिशवी खांद्याला लावून दारात उभे. म्हणाले, "चल."

आत्याबाईंकडे उकळतं पाणी बोटावर घेतलं. पानं किती ते तुमच्या पत्रात तीनदा वाचलं. झाकण ठेवलं आणि बोलेनात. आत्याबाई विचारतात, काय झालं? मी कट्ट्याला टेकून उभी, हाताची घडी घातलेली. मिनिटाचे पाच झाले. शेवटी किटलीकडे बघत म्हणाले, "चहा मी नेत होतो. थोरली नाही." आत्याबाई म्हणाल्या, "पुढचं?" त्यांना मी सांगून ठेवलं होतं. मग पुढचंही म्हणाले, मला माहीत होतं, मी गप्प बसलो. मग मान वर न करता कप मांडू लागले. मला दया आली नाही. तुम्हाला हे वाचून बरं वाटेल म्हणून लिहिते.

चहा अर्थात कडू विख झाला. आत्याबाईंनी पूर्ण कप प्यायला लावला त्यांना.

चुलतसासऱ्यांनी तुम्हाला फोन केला असेल. ते रडले म्हणे तुमच्याशी बोलताना. दुसऱ्या दोघांनीही केला ना? मामंजी आता रोज सकाळी स्वतःच करतात. सांडतात, पुसतात. काल मला विचारलं, "थोरली येईल का?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा. तर म्हणाले, "तू लिही. मला धीर होत नाही."

म्हणून लिहिते. येता का? मी वाट बघतेय. माझ्यासाठी तरी या.

धाकटी


९ डिसेंबर

धाकटे,

तिघांचेही फोन आले. मी उचलले. चुलतसासरे रडले हे खरं आहे. मी त्यांना रडू दिलं.

रविवारी येते. हेही येतील. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसणार आहे, स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. चहा मामंजी करतील, तू कप आणशील. आणि घोट घेतल्यावर मी काही बोलले नाही, तर चहा चांगला झालाय असं कुणी समजू नका.

थोरली